बिनआवाजाचा कॉम्प्युटर

मला आवाज सहन होत नाही. हे दुखणं लहानपणापासूनचं नाही, वय चाळिशीकडे झुकल्यावर जडलेलं आहे, आणि पाथरीत राहून असलं दुखणं लावून घेणं म्हणजे माशानं पाण्याला नाक मुरडणं. सकाळी कचऱ्याच्या गाडीचं गाणं, मग समोरची पिठाची गिरणी, दिवसभर स्टँडकडून जीपवाल्यांचं "मानवत, मानवत, परभणी" आणि लग्नसराईत रोज एक वरात. मी एका खाजगी शाळेत क्लार्क आहे. तिथं पोरं, घंटा आणि हेडमास्तरांचा गळा. घरी आलो की मधल्या खोलीचं दार लावायचं आणि कॉम्प्युटरवर गेम खेळत बसायचं, एवढं एकच व्यसन मला आहे. तंबाखू नाही, पत्ते नाहीत, दारू तर नाहीच. "घोड्याएवढा झाला तरी गेम खेळतो" हे मी सासुरवाडीत, शाळेत आणि एकदा न्हाव्याच्या खुर्चीत बसून ऐकलेलं आहे. ऐकून घेतो.

पण माझा जुना कॉम्प्युटर स्वतःच बोंबलायचा. जरा भारी गेम लावला की त्याचे पंखे अंगणात मळणीयंत्र लावल्यासारखे ओरडायचे. तेव्हा मी ठरवलं की आता नवा बांधायचा, एकेक भाग निवडून, कुठलाही गेम लोण्यासारखा चालवणारा, आणि इतका गप की चालू आहे की बंद ते कळू नये. तसा तो बांधला. माझ्या वडिलांच्या हातांनी, त्यांच्या कानांनी बांधला. आणि त्याच गप्पपणाच्या नादात मी त्यांचा श्वास बंद पडायची वेळ आणली. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचताना कुणी मला गुणी लेक समजायचा.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. त्यांचं सगळं आयुष्य जिनिंगमध्ये फिटर म्हणून गेलं. कापसातून सरकी वेगळी करणारे रेचे रांगेनं लागलेले असतात, ते सुरू झाले की शेजारचा माणूस काय बोलतो ते त्याच्या ओठांवरून ओळखावं लागतं. त्या आवाजानं दादांचे कान गेले आणि रुईच्या बारीक धुळीनं छाती गेली. सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती जास्त आवळायची, हे त्यांच्याबरोबरचे सगळेच सांगायचे, आणि सगळेच विडी पेटवून हसण्यावारी न्यायचे. निवृत्त झाल्यावर दादांना दम लागायला लागला तेव्हा त्यांनी दोष दिला तो आमच्या घराच्या तीन पायऱ्यांना. बांधणाऱ्यानं उंच केल्यात म्हणाले.

त्यांच्याकडे लाकडी मुठीचा हातभर लांब पेचकस होता. रेच्यात काही बिघडलं की ते मशीन उघडायच्या आधी पेचकसाचं टोक बेअरिंगवर टेकवायचे आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून डोळे मिटायचे. मालकसुद्धा तेवढा वेळ गप उभा राहायचा. मग दादा सांगायचे, ही बेअरिंग दोन दिवस जाईल, ती आजच काढा. कानानं समोरचं बोलणं ऐकू येत नसलेला माणूस लोखंडाच्या पोटातलं ऐकायचा. "कानानं कुणीबी ऐकतंय," ते म्हणायचे, "हाडानं ऐकाया शिकावं."

मी शिकलो नाही. मी क्लार्क झालो, आणि त्याचं त्यांना फार कौतुक होतं. आमच्या घरातला पहिला खुर्चीत बसून पगार घेणारा माणूस म्हणून त्यांनी मला कधी गेमवरून टोकलं नाही. उलट कुणी बोललं तर म्हणायचे, "बसू द्या की. आमी उभं राहूनच जिंदगी काढली."

कॉम्प्युटरचे भाग कुरियरनं यायला लागले तसे दादा प्रत्येक खोक्याभोवती घुटमळायला लागले. एका दुपारी त्यांनी विचारलं, "ह्याला आवाज कशाचा यायलाय मूळ?"

मी ओरडून ओरडून समजावलं. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड तापतं, तापलं की पंखे जोरात फिरतात, जोरात फिरले की आवाज.

"म्हंजे धा बारकी पोरं पळवण्यापरीस दोन तगडे गडी सावकाश चालवायचे," ते म्हणाले.

इंटरनेटवर तीन महिने वाचून मला जे कळलं होतं ते एवढंच होतं. मोठे पंखे, हळू फिरणारे. हाताएवढ्या रुंद पट्ट्यांचा, ताप ओढून घेणारा हीट सिंक. गरजेपेक्षा दुप्पट ताकदीचा एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, त्याला घाम फुटायला नको. दादांनी पंखे एकेक करून बॅटरीवर चालवले, पेचकस टेकवला आणि चारांतला एक बाजूला काढला. "ह्याच्या पोटात खडा हाय." मला काही ऐकू येत नव्हतं. मी हट्टानं तोच रोज बॅटरीवर चालवून पाहिला, आणि आठव्या दिवशी तो डासासारखा गुणगुणायला लागला. दादांनी नुसती माझ्याकडे पाहून दाढी खाजवली.

पंख्याचा थरथराट कॅबिनेटच्या पत्र्यात उतरू नये म्हणून त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबचे वायसर कापले, कात्रीनं, चष्मा नाकावर आणून, सोळा. धूळ आत जाऊ नये म्हणून माझ्या बायकोची फाटकी ओढणी जाळीला ताणून बसवली. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण आहे. तिनं ते बघून एवढंच म्हटलं, "मामा, कॉम्प्युटरला नेसवताव का आता?" कॅबिनेटच्या आतून मी काळ्या फोमचे जाड तक्ते चिकटवले. चार तक्ते उरले, ते माळ्यावर टाकले. ते माळ्यावरच राहिले असते तर बरं झालं असतं.

कॉम्प्युटर कुठं ठेवायचा यावरून आमचं भांडण झालं. मला तो पुढच्या खोलीत कूलरच्या तोंडाशी ठेवायचा होता, उन्हाळ्यात थंड राहील म्हणून. दादांनी मला हाताला धरून कूलरजवळ नेलं आणि आतल्या गवतावरची पांढरी खपली नखानं काढून दाखवली. "बोरचं खारं पाणी हाय. हीच हवा त्येच्या नाकातोंडात जाणार. दोन उन्हाळ्यात गंजून मरंल." मग कॉम्प्युटर मधल्या खोलीत गेला. पुढच्या खोलीत दादांची लोखंडी खाट, मध्ये एक भिंत, पलीकडे मी.

पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा दादा माझ्या मागं उभे होते. "बनी तो बनी, न्हाई तर परभणी," म्हणाले. मी बटण दाबलं. पडदा उजळला. आवाज काही नाही. मला वाटलं पंखेच लागले नाहीत, मी वाकून बघायला लागलो. दादांनी मला बाजूला सारलं, पेचकस कॅबिनेटवर टेकवला, डोळे मिटले. बराच वेळ गेला. मग त्यांचा चेहरा खुलला.

"हाय," ते म्हणाले. "जित्ता हाय."

त्या दिवसाइतका मी त्यांच्यासोबत पुन्हा कधी आनंदात नव्हतो.

पुढच्या हिवाळ्यात त्यांची छाती बसली. खोकल्यानं सुरुवात झाली आणि परभणीच्या दवाखान्यात संपली. डॉक्टरांनी सांगितलं की आता ऑक्सिजनशिवाय चालणार नाही, दिवसाचे सगळे तास नाकात नळी. घरी मशीन आली. बाहेरची हवा ओढून त्यातला ऑक्सिजन वेगळा करणारी, कमरेएवढी, चाकांवरची. तिचा आवाज सांगतो. आधी घर्र, मग एक उसासा टाकल्यासारखं फूस, मग पुन्हा घर्र. दिवसभर. जेवताना, बोलताना, टीव्ही बघताना. लाईट गेली की ती टीं करून ओरडायची, आणि मग खाटेजवळ ठेवलेल्या सिलेंडरला नळी लावायची. सिलेंडरची चावी फिरवायला मनगटात जोर लागतो. आयुष्यभर पाने फिरवलेल्या दादांच्या मनगटात तो आता उरला नव्हता. म्हणून घरात नियम झाला. आमच्या गल्लीत लाईट गेली की घराघरातून "गेली!" अशी हाक उठते, आली की "आली!" आमच्या घरात जो असेल त्यानं "गेली, दादा, आलो" म्हणत पळायचं. घरचा इन्व्हर्टर पंखे आणि दिवे तेवढे ओढायचा, ही मशीन त्याला झेपत नव्हती.

मी दोन महिने तो आवाज सोसला. मी वाईट माणूस नाही असं मला वाटायचं, म्हणून मी स्वतःला सांगितलं की या आवाजानं दादांना झोप लागत नसणार. ज्या माणसानं रेच्यांच्या रांगेत, रुईच्या ढिगावर दुपारची झोप काढली, त्याला! सरळ होतं ते: भिंतीपलीकडून माझ्या खोलीत घर्र-फूस यायचं, आणि इतकं खपून बनवलेल्या माझ्या कॉम्प्युटरची शांतता मला मिळत नव्हती. बापाच्या श्वासाची मशीन मला नडत होती. आज हे लिहिताना लाज वाटते, तेव्हा वाटली नाही.

मी लांब नळी मागवली. चालते का, ते मशीनवाल्याला फोन करून विचारलंसुद्धा, एवढा मी जबाबदार. मशीन मागच्या पडवीत नेली. तिच्याभोवती प्लायवूडची पेटी केली, हवेला खालून वाट ठेवली, आणि आतून माळ्यावरचे ते चार फोमचे तक्ते चिकटवले. मग मेन स्विच पाडून बघितलं. मशीन पेटीत टीं टीं करत होती आणि स्वयंपाकघरात ते जेमतेम ऐकू येत होतं. मी खूश झालो. खरंच खूश झालो, बायकोला बोलावून दाखवलं.

"आन् लाईट गेलेली कळंल कशी?" तिनं विचारलं.

"मी घरातच असतो की."

दादा खाटेवरून म्हणाले, "मला तिचा आवाज नडत न्हाई रे. ऱ्हाऊ दे हितंच."

"तुमाला आराम पडंल, दादा."

"आवाज आसला म्हंजे कळतंय चालू हाय म्हून."

मी ऐकलं नाही. त्यांनी दुसऱ्यांदा म्हटलं नाही. पोराला वाईट वाटू नये म्हणून गप बसायची त्यांची जुनी खोड होती. त्यानंतर मी त्यांना बऱ्याचदा बघायचो, नाकाच्या नळीचा एक भाग दोन बोटांत धरून कानामागच्या हाडाला टेकवलेला, डोळे मिटलेले. मला वाटायचं, सवय. ते ऐकत होते. मशीन चालू आहे का, एवढंच ते दिवसभर ऐकत होते.

आणि एक गोष्ट राहिली. माझ्या कॉम्प्युटरला स्वतंत्र यूपीएस होता, दोन बॅटऱ्यांचा, मोठा. लाईट गेली तरी गेम मध्येच तुटू नये म्हणून. तोही लाईट गेली की बीप करायचा. सेटिंगमध्ये जाऊन ते बीप मी पहिल्याच आठवड्यात बंद करून ठेवलं होतं.

एप्रिल लागला. बायकोची शाळा सकाळची झाली. ती सव्वासहाच्या जीपनं जायची, साडेबारापर्यंत परत यायची. तेवढा वेळ घरी कुणीतरी हवं म्हणून मी हेडमास्तरांकडून विद्यार्थ्यांची ऑनलाईन माहिती घरी भरायची परवानगी घेतली. त्या दिवशी दादांना मी सकाळी चहा पाजला, तोंड पुसलं, कूलर लावला. त्यांनी विचारलं, "आज लय काम हाय का?" मी हो म्हटलं. अकरापर्यंत खरंच काम केलं. नंतर दार लोटलं, हेडफोन लावला आणि गेम सुरू केला.

त्या गेममध्ये एक माणूस बर्फाच्या डोंगरावर चालत असतो. बाहेर ऊन डोकं फोडत होतं आणि माझ्या कानात बर्फाचा वारा होता. माणूस दमला की त्याचा श्वास ऐकू यायचा, इतका खरा की पाठीमागं कुणी उभं आहे असं वाटावं. मी त्या श्वासाकडे लक्ष ठेवून होतो, कारण तो फार वाढला की माणूस पडतो.

लाईट कधी गेली ते मला कळलं नाही. डोक्यावरचा पंखा इन्व्हर्टरवर फिरत राहिला. दिवा राहिला. यूपीएसनं कॉम्प्युटर क्षणभरही अडखळू दिला नाही, आणि बीप बंद होतं. पुढच्या खोलीतला कूलर थांबला असणार, तो हेडफोनमध्ये ऐकू येणार नव्हता. गल्लीतून "गेली!" उठलं असणार. पडवीत पेटीच्या आत ती मशीन फोमला सांगत बसली असणार. या घरात लाईट गेल्याचं ज्या ज्या गोष्टीनं कळायचं ती एकेक गोष्ट मी गप केली होती, निवडून निवडून.

मला दिसलं ते एवढंच, की दार उघडलं आणि बायको दारात उभी आहे. खांद्याला पर्स तशीच. तिचं तोंड हलत होतं. डोंगरावरचा माणूस कड्याच्या टोकाला होता. मी तिच्याकडे न बघता हात वर केला आणि एक बोट दाखवलं. एक मिनिट.

तिनं हेडफोन ओढून काढला. तेव्हा मला ऐकू आलं.

टक. मग बराच वेळ काही नाही. मग टक.

दादा खाटेवरून अर्धे खाली आले होते. ओठ जांभळे. बायकोनं सिलेंडर सुरू केला होता, नळी लावली होती, पण त्यांचा हात थांबत नव्हता. हातात तो लाकडी मुठीचा पेचकस होता आणि ते खाटेच्या लोखंडी पाइपावर मारत होते. सिलेंडरची चावी बायकोला खाली फरशीवर पडलेली सापडली होती. आधी त्यांनी ती फिरवून बघितली असणार. मग हाक मारली असणार, श्वास नसताना मारता येईल तेवढी. मग लोखंड.

बायकोला ते टक टक रस्त्यावरून, फाटकातून ऐकू आलं होतं. मी एका भिंतीपलीकडे होतो.

परभणीच्या दवाखान्यात नऊ दिवस गेले. किती वेळ ऑक्सिजन बंद होता, असं डॉक्टरांनी विचारलं. मला सांगता आलं नाही. घरी कपडे न्यायला आलो तेव्हा मी कॉम्प्युटर चालू करून बघितलं. यूपीएसची नोंद त्यात होती: बॅटरीवर सतरा मिनिटं. सतरा मिनिटं मी बर्फात चालत होतो. मी कॉम्प्युटर बंद केला आणि परत चालू करायचा नाही असं ठरवलं.

दादा घरी आले ते उचलून आणावे लागले. आवाज गेल्यासारखाच, एका दमात तीन शब्द. मशीन मी पेटी फोडून पुन्हा त्यांच्या उशाशी आणली. घर्र, फूस. बायकोनं माझ्या खोलीत जाऊन यूपीएसच्या वायरी काढल्या, तो जड डबा एकटीनं ओढत पुढच्या खोलीत आणला आणि दादांची मशीन त्याला जोडली. मेन स्विच पाडला. मशीन चालत राहिली. वीस मिनिटं चालली. सिलेंडर सावकाश लावण्यासाठी वीस मिनिटं खूप होतात. तिनं स्विच वर केला आणि भात टाकायला गेली. हे हिवाळ्यातच करता आलं असतं. डबा भिंतीच्या पलीकडेच होता. मला सुचलं नव्हतं, कारण तो डबा गेमचा आहे असं माझ्या डोक्यात होतं.

बघायला पाहुणे येत होते. दादांचे थोरले भाऊ राणीसावरगावहून आले. चुलत्यांनी खाटेजवळ बसून विचारलं, "झालं कसं हे?"

"लाईट गेली व्हती," दादा म्हणाले.

"आन् ह्यो कुठं व्हता?"

दादांनी श्वास घेतला. "हितंच व्हता. ह्यानंच लावला... सिलेंडर. म्हून वाचलो."

चुलत्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. बायको चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं, मग दादांकडे, आणि कप वाटले. मला वाटलं, हिनं आता खरं सांगावं. सगळ्यांसमोर सांगावं, म्हणजे सुटेन. तिनं चुलत्यांना साखर पुरली का विचारलं.

दादांनी मला एका शब्दानंही बोल लावला नाही. एखादी शिवी हासडायला हवी होती. रेच्यात कुणी बेपर्वाईनं पाना विसरला तर ते त्याच्या सात पिढ्या काढायचे, मला माहीत आहे. माझ्या बेपर्वाईला त्यांनी काहीच म्हटलं नाही आणि त्याचा मला इतका राग यायचा की मी त्यांना भरवताना चमचा जोरात ठेवायचो.

एका दुपारी त्यांनी खुणेनं मला जवळ बोलावलं. "त्यो... आण हितं."

"काय आणू?"

"तुजा कॉम्प्युटर."

मी आणला. कॅबिनेट खाटेशेजारी स्टुलावर ठेवलं. त्यांनी उशीखालून पेचकस काढला. तो धरवत नव्हता, मी टोक पत्र्यावर टेकवून धरलं आणि त्यांनी मुठीवर डोकं आणून ठेवलं. डोळे मिटले. मशीन चालूच होती, घर्र, फूस, पण ती त्यांच्या कानाला होती, हाडाला नाही.

"बंद हाय," ते म्हणाले.

"हो, दादा."

"कवापासून?"

मी मोकळ्या हातानं पत्र्यावरची धूळ पुसली.

"चालू कर."

मी वायर जोडली, बटण दाबलं. त्यांनी पुन्हा डोकं ठेवलं. त्यांचं कपाळ माझ्या मनगटाला लागलं होतं, घामानं थंड.

"हाय," ते म्हणाले. मग श्वास घेऊन, "चांगला बसवलास." पुन्हा श्वास. "बंद नको ठिवू. मशीन... ठिवून दिली की... जाम व्हती."

मी तिथंच खाटेच्या पायाशी बसून रडलो. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, किंवा तो तिथं पडला, आणि थोड्या वेळानं त्यांना झोप लागली.

त्यानंतर ते सव्वा महिना होते. गेले तेव्हा लाईट होती, मशीन चालू होती, सिलेंडर भरलेला होता आणि मी बाजूला बसलेला होतो. सगळं जागच्या जागी होतं आणि त्याचा काही उपयोग झाला नाही. मशीन त्यांच्यानंतरही घर्र-फूस करत राहिली. बायको पदर तोंडाशी धरून म्हणाली, "बंद करा की आता," तेव्हा मी उठून बटण दाबलं. पुण्यानुमोदनाला सगळी भावकी पांढऱ्या कपड्यांत आली. वंदना झाली, मेणबत्त्या लावल्या, आणि दोघातिघांनी उठून बोलताना सांगितलं की पोरानं शेवटपर्यंत सेवा केली, लाईट गेली तेव्हा त्यानंच वाचवलं होतं. मी मान खाली घालून ऐकलं. लोकांना ते दुःख वाटलं.

मशीन परत गेली. खाट माळ्यावर गेली, पाइपावर पेचकसाचे पोचे आहेत. यूपीएस पुन्हा माझ्या खोलीत आला. मी गेम खेळतो. दादांनी सांगितलं म्हणून खेळतो असं म्हटलं तर ते खोटं होईल, मला आवडतं म्हणून खेळतो. हेडफोन मात्र लावत नाही, आणि त्या डबड्याचं बीप मी सेटिंगमध्ये जाऊन पुन्हा चालू करून ठेवलेलं आहे.

परवा दुपारी लाईट गेली. बीप झालं. मी कळायच्या आत खुर्चीतून उठलो, "गेली, दादा, आलो" हे तोंडातून अर्धं बाहेर पडलं, आणि पुढच्या खोलीत पोचलो. बायको स्वयंपाकघरातून आधीच तिथं आली होती. ओल्या हातानं, खाट असायची त्या जागेजवळ. आम्ही दोघं मोकळ्या फरशीकडे बघत उभे राहिलो. गल्लीत पोरं ओरडत होती, "गेली, गेली!"

"आता बरं ऐकू यायलंय तुमाला," ती म्हणाली, आणि गॅसवरच्या दुधाकडे परत गेली.